पाच न्यूटन मीटर

कार्बनकाकांच्या घरी हात धुवायला जाऊ नये. बेसिनचा नळ त्यांनी बंद केलेला असेल, तर तो उघडायला दुसरा माणूस बोलवावा लागतो. दर दोन महिन्यांनी त्या नळाचा वायसर जातो, प्लंबर येतो, काकू त्याला चहा देतात आणि जाताना तो काकांकडे शेतकऱ्याने वेळेवर आलेल्या पावसाकडे बघावं तसा बघून जातो. लोणच्याच्या बरण्या, शेगडीची बटणं, गच्चीतल्या टाकीचं झाकण, कशालाही एकदा काकांचा हात लागला की विषय संपला. बँकेत होते तेव्हा तिजोरीचं कुलूप तीनदा ओढून बघायचे, रस्ता ओलांडायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. हे मी ऐकीव सांगत नाही, खुद्द काकाच अभिमानाने सांगतात.

त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. डॉक्टर म्हणाले, चालत जा. आमच्या सोसायटीतली डॉक्टरांनी चालायला सांगितलेली सगळी माणसं सकाळी टेकडीवर जातात, तासभर राजकारण करतात आणि खाली उतरून इडली खातात. काकांनी सायकल घेतली. आधी कॅरियरवाली, मग गिअरवाली, मग अ‍ॅल्युमिनियमची आणि चौथ्या वर्षी कार्बनची. आमच्याकडे तोवर एक पाणीकाका होते (टँकर समिती), एक पार्किंगकाका होते, तेव्हा ह्यांचं नाव आपोआप कार्बनकाका पडलं. काकूंना मात्र कुणी कार्बनकाकू म्हणत नाही. तेवढी कुणाची छाती नाही.

सायकल साडेसात किलोची. 'आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतो? शर्यतीची सायकल ६.८ किलोच्या खाली नको. म्हणजे आपल्यात आणि टूर द फ्रान्समध्ये फरक किती? सातशे ग्रॅम.' हे काका गंभीरपणे सांगतात. काकांचं स्वतःचं वजन ८४ किलो आहे, पण ते ह्या हिशेबात धरायचं नसतं. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू त्यांनी टायटॅनियमचे बसवले तेव्हा जुने आणि नवे काकूंच्या केकच्या वजनकाट्यावर तोलले. फरक सहा ग्रॅम निघाला. त्या दिवशी जेवताना त्यांनी तिसऱ्यांदा भात घेतला.

पण सगळ्यात लाडका म्हणजे टॉर्क रेंच. भाच्याने जर्मनीहून आणलेला, मखमली पेटीत राहणारा. सीट ज्या बोल्टने आवळतात तो नेमका पाच न्यूटन मीटरपर्यंतच आवळायचा असतो. तेवढा ताण आला की रेंच 'टक्' म्हणतो आणि तिथे थांबायचं असतं. हा 'टक्' ऐकायला त्यांनी मला दोनदा खाली बोलावलं होतं. 'साडेपाच केलंस की संपलं,' ते म्हणाले, 'कार्बन म्हणजे लोखंड नव्हे. अंदाजपंचे काम चालत नाही.' ज्या हातांनी त्यांनी हे सांगितलं, त्याच हातांनी जाताना पार्किंगचा नळ बंद केला. माळ्याला तो दुसऱ्या दिवशी पान्याने उघडावा लागला.

दरवर्षी पावसाळा सरला की पुण्याहून गोव्याला ६४३ किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' शर्यत निघते. शूर लोक ती एकट्याने करतात. काका चौघांच्या संघात होते. आळीपाळीने एकाने चालवायची, बाकीच्यांनी मागच्या गाडीत बसून त्याला केळी द्यायची. वर्षभर तयारी चालली होती. सिंहगडचा पायथा, कात्रज, खंबाटकी. काकांच्या उजव्या गुडघ्यातून जिना चढताना सुपारी फोडल्यासारखा आवाज येतो. त्याबद्दल त्यांचं मत एवढंच, की शर्यतीनंतर बघू.

शर्यतीला तेरा दिवस असताना नरकचतुर्दशी आली. पहाटे साडेपाचला अख्खी सोसायटी उटणं लावत असताना काका पार्किंगमध्ये दिवा लावून सायकलला अभ्यंगस्नान घालत होते. कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू, जुना मऊ पंचा. मी फटाके घेऊन खाली उतरलो तेव्हा पंचा दांडीवर थांबलेला होता. दांडी म्हणजे सीट आणि हँडलच्या मधली आडवी नळी. आमच्या पिढीचं अर्धं बालपण वडिलांच्या सायकलच्या ह्याच दांडीवर गेलं.

'इकडे ये,' काका म्हणाले. आवाज देवघरात बोलावा तसा. 'हे तुला काय दिसतं?'

सीटपासून वीतभर पुढे, काळ्या रंगावर, पापणीच्या केसाएवढी एक रेघ होती.

'ओरखडा,' मी म्हणालो.

'नख लाव.'

मी नख फिरवलं. ते अडकलं.

इथे मला एक गोष्ट सांगून टाकायला हवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्कूटर काढताना काकांची सायकल माझ्या हँडलला लागून पडली होती. फार जोरात नाही. बाजूच्या खांबाला टेकली आणि घसरत खाली आली. मी उचलून होती तशी लावली, इकडेतिकडे पाहिलं आणि गेलो. तेव्हा नख अडकलं त्या क्षणी माझ्या पोटात जे झालं, ते उपाशीपोटी शाम्पूचा वास घेतल्यामुळे नव्हतं.

पुढचे चार दिवस काकांनी जे केलं, ते आपल्याकडे घरात मोठं आजारपण निघालं की माणसं करतात तेच होतं. ज्याला त्याला विचारायचं आणि आपल्याला हवं ते उत्तर मिळेपर्यंत थांबायचं नाही. 'नुसता रंग तडकलाय' हे त्यांना ऐकायचं होतं. ते शक्यही असतं. रंगाचा थर वेगळा, आतला कार्बन वेगळा. रंग तडकूनही आत सगळं धडधाकट असू शकतं, आणि वर काही न दिसता आतून माल गेलेलाही असू शकतो. म्हणूनच तर छळ.

पहिली तपासणी नाण्याची. ही खरोखरच करतात. नाणं घेऊन नळीवर हलके ठोके देत जायचं. जिथे थर घट्ट आहेत तिथे स्वच्छ आवाज येतो, जिथे सुटलेत तिथे बद्द. काकांनी दहा रुपयांचं नवं नाणं घेतलं, कानाला स्टेथोस्कोप लावला आणि हॉलमधला पंखा, टीव्ही, दूधवाला सगळं बंद केलं. टिक. टिक. टिक. टिक. टप.

'ऐकलंस?'

'नाही,' मी म्हणालो. मला खरं तर खालच्या मजल्यावर असतो तरी ऐकू आलं असतं.

'मलाही नक्की नाही वाटलं,' काका खुश होऊन म्हणाले आणि पुन्हा सुरुवातीपासून ठोकायला लागले. टिक. टिक. टिक. टिक. टप.

आतून काकूंचा आवाज आला. 'चिरलाय तो. परत द्या.'

काका आत बघायला लागले. काकू चिरोटे तळत होत्या. 'दर उन्हाळ्यात माठ घेताना मी काय करते? असा आवाज आला की कुंभाराला सांगते, हा नको, दुसरा दाखव.'

'अगं, माठ आणि कार्बन फायबर...'

'आवाज तोच आहे.'

मग काकांनी मला कार्बन समजावून सांगितला आणि माझी खात्री आहे की ते स्वतःलाच समजावत होते. कार्बनचा एकेक धागा केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा बारीक. त्या धाग्यांचे तागे करायचे, एक उभा, एक आडवा, एक तिरका असे एकावर एक घालायचे, मधे इपॉक्सी राळ, आणि साच्यात घालून तापवायचं. गोधडीच म्हणा, पण दगडासारखी. धाग्याच्या दिशेने ताणलं तर लोखंडाला हार जाणार नाही, आणि वजन लोखंडाच्या पाचव्या हिश्शाएवढं. फक्त बाजूने चिमटलं किंवा टोकदार ठोका बसला तर... इथे काका थांबले, कारण काकूंनी ताटली पुढे ठेवली होती. त्यांनी चिरोटा उचलला, दोन बोटांत जरा जास्तच दाबून धरला, आणि त्याचे पदर सुटून हातात आले.

काका त्या पदरांकडे बराच वेळ बघत बसले. मी माझा चिरोटा खाल्ला. त्यांचाही खाल्ला.

दुसऱ्या विंगेत एक हाडांचे डॉक्टर राहतात. काका सायकल घेऊन लिफ्टने त्यांच्याकडे गेले. पाडव्याची सकाळ, डॉक्टर ओवाळून घेऊन नुकते उठलेले. त्यांनी रेघ पाहिली, चष्मा काढला. 'हेअरलाइन आहे. सहा आठवडे वजन टाकायचं नाही.' थट्टाच होती ती, पण काकांनी 'सहा?' असं इतक्या काकुळतीने विचारलं की डॉक्टर गडबडले. विषय बदलायला ते म्हणाले, 'ते असू द्या, जिना चढताना तुमचा गुडघा ऐकतो मी रोज. तो दाखवा एकदा.' काका म्हणाले, 'तो काय, हाड आहे. ते जुळतं.'

मग पेठेतले मिस्त्री. सत्तरी उलटलेली. तासावर भाड्याने सायकली मिळायच्या त्या काळापासूनचं दुकान. चाकाचा आऊट काढताना ते आऱ्यांकडे बघत नाहीत, नुसता कान लावतात. त्यांनी काकांची सायकल एका हाताने उचलली आणि एवढी हलकी निघाली म्हणून त्यांचा तोल जायला आला. रेघ पाहिली. पहिला प्रश्न असा:

'दांडीवर कोण बसलं होतं?'

'कुणी नाही! हिच्या दांडीवर बसतच नाहीत.'

'मग दांडी कशाला दिलीय?'

काकांकडे उत्तर नव्हतं. ह्या नळ्यांची भिंत ठिकठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते. सिग्नलला थांबल्यावर नुसतं टेकायचंही नाही, असं कंपनीच्या पुस्तकातच लिहून येतं. मिस्त्रींनी हे ऐकून घेतलं आणि शेजारच्या काळ्या सायकलकडे मान वळवली. 'हिच्यावरून मी बायको, दोन पोरं आणि गव्हाचं पोतं आणलंय,' ते म्हणाले. 'चिमटा मोडला होता एकदा. वेल्डिंग मारलं. लोखंड मोडायच्या आधी कुरकुर करतं हो. वाकतं, आवाज करतं, सांगतं. हे तुमचं मुकं आहे. बोलायचं नाही, आणि एक दिवस घाटात...' पुढचं त्यांनी हाताने दाखवलं.

वेल्डिंगचा विषय निघाला आणि काकांना राहवलं नाही. त्यांनी मिस्त्रींना क्रिस्तोफची गोष्ट सांगितली. ही ते प्रत्येकाला सांगतात, मी अकरा वेळा ऐकली आहे. १९१३ ची टूर द फ्रान्स. यूजीन क्रिस्तोफ हा गडी जिंकायच्या बेतात असताना तूरमाले घाटाच्या उतारावर त्याचा चिमटा तुटला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. सायकल खांद्यावर टाकून तो पठ्ठ्या दहाबारा किलोमीटर चालत गावात आला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः घण घेऊन चिमटा जोडला. शर्यतीचे पंच बाजूला उभे राहून बघत होते. आणि भाता ओढायला लोहाराच्या पोराला सांगितलं म्हणून त्यांनी ह्याला दहा मिनिटांचा दंड लावला.

मिस्त्रींनी पान बाजूला केलं. 'भाता काय पायाने ओढायचा?'

'नियम म्हणजे नियम,' काका म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला त्या पंचांबद्दल मनातून आदर असतो. पुढे दंड कमी करून तीन मिनिटांवर आणला हे ते नेहमी जरा नाराजीनेच सांगतात.

'त्याची जुळली, कारण लोखंड होतं,' मिस्त्री म्हणाले. 'हिचं माझ्याकडे औषध नाही.' आणि काकांकडून पैसे घेतले नाहीत. ते पैसे घेत नाहीत तेव्हा केस गंभीर असते.

इकडे संध्याकाळी सोसायटीत तपास सुरू झाला होता. रेघ आपोआप येत नाही, तेव्हा कुणीतरी पाडली, हे काकांनी ठरवून टाकलं. वॉचमनची उलटतपासणी झाली. झाडूवालीला विचारलं. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना रांगेत उभं केलं, त्यातला एक रडला आणि त्याने भलत्याच काचेचा कबुलीजबाब दिला. पार्किंगचा कॅमेरा बघायचा ठराव झाला तेव्हा मी दोन रात्री झोपलो नाही. कॅमेरा जुलैपासून बंद आहे हे तिसऱ्या दिवशी कळलं. देखभालखर्चावर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी समाधानी झालो.

ह्या अपराधी मनापोटीच भोसरीला न्यायला मी माझी गाडी काढली. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये कार्बनची कामं करणारा एक तरुण आहे, असं काकांच्या संघातल्या कुणीतरी सांगितलं होतं. हाफ पँट, तोंडाला जाड मास्क, हातात पाण्याचा स्प्रे. त्याने सायकल फार कौतुकाने वगैरे बघितली नाही. रेघेभोवती चौकोन आखला, पॉलिश पेपर ओला केला आणि घासायला सुरुवात केली. 'कोरडं घासायचं नाही,' तो म्हणाला, 'ही पूड छातीत जाते.'

रंग जसजसा उतरत गेला तसतसे काका माझा दंड धरत गेले. चकचकीत काळ्याच्या खाली पांढरं अस्तर, त्याच्या खाली करडा, विणीचा कार्बन. आणि त्या विणीतून ती रेघ सरळ पुढे गेलेली. नुसता रंग नव्हता. मग त्याने सायकल उलटी केली आणि दांडीच्या खालच्या अंगाला, बरोबर त्याच जागेसमोर, अंगठा फिरवला.

'इथेही आहे,' तो म्हणाला. 'वर एक, खाली एक. समोरासमोर.'

'म्हणजे दोनदा पडली?' काकांनी विचारलं.

'पडली नाही. पडल्यावर एका बाजूला ठोका बसतो. ही दोन्हीकडून चिमटली आहे. हे बघा, रबराच्या कडेची खूणसुद्धा आहे.' त्याने बोटांनी मोजलं. 'चार बोटं रुंद जबडा. गाडीच्या मागे सायकल लावायचं कॅरियर वापरता का काका?'

शेडमधला कॉम्प्रेसर बंद पडला त्याच वेळी, त्यामुळे शांतता जरा जास्तच वाटली.

मला सगळं आठवलं. सप्टेंबरात आम्ही महाबळेश्वरला सरावाला गेलो होतो. सायकल काकांच्या गाडीमागे, कॅरियरचा जबडा दांडीला. त्या जबड्याच्या मळसूत्राला आकडे नसतात, 'टक्' नसतो, नुसती एक प्लॅस्टिकची मूठ असते. पुण्यात निघताना काकांनी ती आवळली. खेडशिवापूरला उतरून अर्धा फेरा आवळली. खंबाटकीच्या अलीकडे पाऊस लागला तेव्हा त्यांना वाटलं हलतेय, म्हणून मी टॉर्च धरून उभा राहिलो आणि त्यांनी दोन्ही हातांनी, पाय बंपरला लावून, आणखी एक फेरा दिला. 'आता ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही,' असं म्हणाले होते.

'जुळेल,' तो तरुण सांगत होता. मोडका भाग उतरता घासून काढायचा, त्यावर जशी मूळची वीण असेल त्या दिशेने नवे थर चढवायचे, इपॉक्सी, वरून टेप घट्ट गुंडाळून दाबायचं, दिवसभर वाळवून मग दिव्याखाली ऊब द्यायची. पाच दिवस. 'आधी होती त्याहून कणखर होईल त्या जागी. फक्त चाळीसेक ग्रॅम वाढतील.'

एरवी चाळीस ग्रॅमवर काकांनी तासभर वाद घातला असता. ते नुसते 'बरं' म्हणाले.

परतताना नाशिक फाट्यापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मांडीवर टॉर्क रेंचची पेटी होती, ती त्यांनी का आणली होती कोण जाणे. मला भडभडून आलं. वाटलं, ह्या माणसाला एकट्याला का ठेवायचं? म्हणून मी म्हणालो, 'काका, एक सांगू का? दसऱ्याच्या आधी स्कूटर काढताना तुमची सायकल माझ्याकडूनही पडली होती. सांगायचं राहून गेलं.'

काका हळूहळू माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर रक्त परत येताना मी पाहिलं.

'कुठे पडली?'

'खांबाला टेकून. हळूच.'

'खांबाला!' ते सरळ बसले. 'अरे मग लेका, आधी सांगायचं नाहीस का!' त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की गाडी शेजारच्या लेनमध्ये गेली.

'पण तो मुलगा म्हणाला की दोन्ही बाजूंनी...'

'तो काय म्हणतो ते सोड. त्याचं वय काय? माणसाने खरं बोलावं. तू बोललास. बास.'

रात्री आठपर्यंत सोसायटीतल्या तिन्ही विंगांना कळलं होतं. वॉचमनने मला सलाम केला नाही. तो रडलेला पोरगा त्याच्या आईला घेऊन आला. काका मात्र जो भेटेल त्याला माझी बाजू समजावून सांगत होते. 'जाऊ द्या हो, त्याने मनाने कबूल केलं. आजकाल एवढं कोण करतं?'

सायकल वेळेवर जुळून आली. शर्यतीच्या आदल्या दिवशी ती कॅरियरवर चढली नाही. काकूंची गोधडी गुंडाळून मधल्या सीटवर आडवी निजवली, वरून सीटबेल्ट, आणि संघातला चौथा गडी सामान घेऊन एसटीने मुक्कामाच्या ठिकाणी आला. शर्यत झाली, दांडी टिकली, संघ गोव्याला पोचला. कितव्या नंबराने, हे काका सांगत नाहीत. ते एवढंच सांगतात की घाटात कटकट असा आवाज यायला लागला तेव्हा त्यांनी खाली उतरून टॉर्चने सगळी सायकल तपासली, काहीच सापडलं नाही, आणि ते परत चढले तर आवाज त्यांच्याबरोबर चढला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या. हातात रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची बरणी. चिरोटे.

'तुझ्यावर उगाच आलं सगळं,' त्या म्हणाल्या.

'नाही काकू, पडली तर माझ्याकडूनच होती.'

'हो का,' त्या म्हणाल्या आणि बरणी माझ्या हातात ठेवली. 'मी भरून ओट्यावर ठेवली होती. निघताना ह्यांनी झाकण लावून दिलं.'

त्या गेल्यावर मी झाकण फिरवलं. मग कोरडा रुमाल घेऊन फिरवलं. बायकोने गरम पाण्याखाली धरून पाहिलं, मी मांड्यांत धरून पाहिलं. शेवटी स्कूटर काढली आणि बरणी घेऊन पेठेत मिस्त्रींकडे गेलो.